टपाखालचे कापड

मोटारीच्या पत्र्याच्या टपाला आतल्या बाजूने कापडाचे, रेक्झिनचे किंवा फोमचे जे आवरण लावलेले असते त्याला छताचे अस्तर म्हणतात, आणि कारागिरांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘रूफ’ किंवा ‘रूफ लायनिंग’ असे आहे. दहा-पंधरा उन्हाळे सोसलेल्या गाडीत हे अस्तर मधोमध सुटते, त्याला झोळ पडतो, मागच्या काचेतून दिसणारा रस्ता आरशात अर्धाच उरतो आणि कापडाला बोट लावताच पिवळसर भुगा खांद्यावर पडू लागतो. हा दोष इतका परिचित झाला आहे की तो मोटारीच्या वयाचाच भाग समजला जातो. प्रत्यक्षात मात्र तो मोटारीच्या इतिहासातल्या एका ठरावीक टप्प्यावर, कापड शिवून टांगण्याची रीत मागे पडून ते चिकटवण्याची रीत रूढ झाल्यानंतर, जन्माला आला. त्याआधीची छते फाटत, आखडत, काळी पडत, पण अशी गळून पडत नसत. या बदलाचा आणि त्याला तोंड देत आलेल्या कारागिरीचा इतिहास मोटारींच्या कारखान्यांपुरता पाहिला तर अपुरा राहतो, कारण गाडी कारखान्यात एकदाच तयार होते आणि नंतरची वीस-तीस वर्षे ती रस्त्याकाठच्या गावांत दुरुस्त होत असते.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे असेच रस्त्याकाठचे गाव आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर या जुन्या मार्गावर, गुजरातच्या सीमेलगत, सातपुड्याच्या पायथ्याशी ते वसले असून पश्चिमेकडे सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग अशी गावे घेत हा रस्ता अंकलेश्वरला पोहोचतो आणि पूर्वेकडे अक्कलकुवा, तळोदा यांच्या बाजूने तापीच्या सपाट खोऱ्यात उतरतो. सुरत-भुसावळ लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नंदुरबारवरून गेला आणि त्याच सुमारास राजपीपळा संस्थानाची रेल्वे अंकलेश्वरहून नांदोदपर्यंत आली, परंतु या दोन मार्गांमधल्या डोंगराळ पट्ट्याला रेल्वे मिळाली नाही. ज्या भागाला मेवासी म्हणत आणि जेथे काठीसारखी लहान संस्थाने स्वातंत्र्यापर्यंत टिकून होती, तो हा भाग सर्वार्थाने चाकांच्या वाहनांवर आणि पायांवर अवलंबून राहिला. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा तत्कालीन पश्चिम खानदेश जिल्ह्याच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली आणि खापरच्या शेजारून राज्याची हद्द आली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सीमा बदलल्या तरी रस्त्यावरची वर्दळ दोन्ही बाजूंनी चालूच राहिली, आणि वाहनाच्या छताच्या दृष्टीने या पट्ट्याचे हवामान फार कठोर आहे: उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारे तापमान आणि त्यापाठोपाठ खानदेशच्या पूर्व भागापेक्षा अधिक पडणारा पाऊस, म्हणजे आधी भाजणारी उष्णता आणि मग चार महिन्यांची दमट हवा.

छपराखाली कापड ताणण्याची रीत मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. मराठी वाड्यांतील माळवदाच्या खोल्यांत वरून झडणारी माती अडवण्यासाठी तुळयांखाली कापडी छत बांधत, इंग्रज अधिकाऱ्यांच्या गवती छपराच्या बंगल्यांतही चुन्याने पांढरे केलेले कापड छपराखाली ताणलेले असे, आणि छावणीतल्या डेऱ्यांना आतून रंगीत अस्तर असे. प्रवासाच्या साधनांत दमणीचा या संदर्भात विचार करावा लागतो. दमणी म्हणजे माणसांच्या प्रवासासाठी वापरायची हलकी, छपराची बैलगाडी. तिच्यावर बांबूच्या कमानी वाकवून त्यांवर तट्ट्या किंवा जाड कापड घालत आणि बसणाऱ्यांच्या डोक्याला बांबूच्या कोचा लागू नयेत म्हणून आतून कापड लावत. कमान, तिच्यावरचे बाहेरचे आवरण आणि तिच्या आतले अस्तर ही तीन अंगांची रचना पुढे टांग्यात, व्हिक्टोरियात आणि मोटारीत जशीच्या तशी उतरली. फक्त बांबूची जागा पोलादाने घेतली.

ही कामे करणारे हातही ठरलेले होते. घोड्याचे जीन, खोगीर आणि सरंजाम बनवणारे जिनगर, कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारे पिंजारी, तंबू-कनाती शिवणारे शिंपी आणि चामड्याचे काम करणारे चर्मकार यांच्याकडे जाड माल शिवण्याचे, ताणून बसवण्याचे आणि भराव समान ठेवण्याचे कसब पिढ्यानपिढ्या होते. आरी, दाभण, मेण लावलेला दोरा आणि कापड ताणून धरण्याची पकड ही त्यांची हत्यारे घोडागाडीच्या गादीकामात आली व तेथून मोटारीच्या. खानदेशात हा वारसा अजून एका जागी उघड दिसतो: शहादा तालुक्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि घोड्यांबरोबर त्यांच्या साजाचा व्यवहारही होतो. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात जातींचे, व्यवसायांचे, रस्त्यांचे आणि व्यापाराचे सविस्तर वर्णन आहे. मोटारीचा काळ आला तेव्हा तिला लागणारी कारागिरी या मुलखात नव्याने पेरावी लागली नाही, फक्त तिचे गिऱ्हाईक बदलले, हे अशा नोंदींच्या आधारे म्हणता येते.

मुंबईत मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि पुढची पंचवीस वर्षे बहुतेक मोटारी उघड्याच होत्या. त्यांच्यावर घडी होणारा कॅनव्हासचा टप असे, म्हणजे घोडागाडीचीच व्यवस्था होती, आणि त्याची डागडुजी घोडागाडीचेच कारागीर करत. अमेरिकेत १९२० च्या दशकात बंद मोटारी स्वस्त झाल्या व दशक संपण्याआधी उघड्या मोटारींना त्यांनी मागे टाकले; तरीही त्यांच्या टपाचा मधला भाग लाकडी पट्ट्या, कापसाचा थर आणि रबर चढवलेले कापड यांचाच असे, कारण एवढ्या रुंदीचा पत्रा एकसंध दाबून काढणारी यंत्रे तोवर नव्हती. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांपासून पूर्ण पोलादी टप आणला आणि अल्पावधीत तो सर्वमान्य झाला. पोलादी टपाने पाऊस अडवला, पण त्याच्याबरोबर तीन नव्या अडचणी आल्या. पातळ, रुंद पत्रा चालत्या गाडीत नगाऱ्यासारखा घुमतो, तो उन्हात तापून खाली उष्णता फेकतो आणि थंडीत प्रवाशांच्या श्वासातली वाफ त्याच्यावर साचून थेंब खाली पडतात. आतले कापड आतापावेतो शोभेपुरते होते; पोलादी टपाखाली ते आवाज, उष्णता आणि ओल अडवणारा आवश्यक भाग बनले.

या काळात जी पद्धत रूढ झाली ती टांगलेल्या अस्तराची होय, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढच्या काळातल्या दोषाचे कारण कळत नाही. छताच्या रुंदीचे चार-पाच तुकडे एकमेकांना शिवून एक लांब पट तयार करत. प्रत्येक शिवणीच्या पाठीमागे, म्हणजे टपाकडच्या बाजूला, कापडाचा नेफा शिवलेला असे आणि त्या नेफ्यातून कमानीसारखी वाकवलेली पोलादी सळी ओवत. सळीची दोन टोके टपाच्या दोन्ही कडांजवळच्या भोकांत अडकवली की कमान ताठ उभी राही आणि अस्तर पत्र्याला न चिकटता त्याच्या थोडे खाली टांगलेले राही. पत्रा आणि कापड यांच्यामधली हवेची पोकळी हाच उष्णतेवरचा उपाय होता. मग पट आधी पुढे आणि मागे ताणून, नंतर दोन्ही बाजूंना ताणून त्याच्या कडा पक्क्या करत. सुरुवातीच्या गाड्यांत त्या लाकडी पट्टीवर बारीक चुकांनी ठोकलेल्या असत, पुढे त्या पत्र्याच्या ओठावर दुमडून, सोल्यूशन म्हणजे रबरी गोंद लावून, वरून चाप किंवा रबरी बीडिंग बसवू लागले. अनेक गाड्यांत पुढची कड पुढच्या काचेच्या आणि मागची कड मागच्या काचेच्या रबराखाली दडपलेली असे, त्यामुळे छत बदलायचे म्हणजे दोन्ही काचा उतरवाव्या लागत. हे काम गादीवाल्याचे आणि काचवाल्याचे मिळून होई.

अशा छताच्या दुरुस्तीत खरी परीक्षा असते ती सळ्यांची. टप पुढून मागे सारख्या गोलाईचा नसल्यामुळे प्रत्येक सळीचा बाक निराळा असतो आणि एकीची जागा दुसरीला दिली तर कापडावर कायमची सुरकुती राहते. म्हणून जाणता कारागीर जुने अस्तर उतरवताना प्रत्येक सळीवर आणि ती ज्या भोकात होती त्या भोकावर रंगाची खूण करतो, गंजलेली सळी घासून रंगवतो आणि मगच ती नव्या नेफ्यात ओवतो. जुने अस्तर तो शिवण उसवून सपाट पसरतो, कारण नव्याचा फर्मा तोच असतो. मात्र जुने रेक्झिन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आखडलेले असते, तेव्हा फर्म्याच्या बाहेर चारी बाजूंनी वाढीव माल सोडावा लागतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याचे छत कडेला दोन बोटे अपुरे पडते आणि सगळा माल वाया जातो. बसवल्यानंतर उरलेल्या बारीक सुरकुत्या गरम हवेने, वाफेने किंवा गाडी उन्हात उभी करून घालवतात. एवढ्या श्रमाने बसवलेले छत वीस-पंचवीस वर्षे सहज टिके, आणि फाटले तर एखादा पट्टा बदलून भागत असे, कारण प्रत्येक भाग शिवणीने जोडलेला असल्यामुळे शिवणीने सोडवताही येई.

महाराष्ट्रात या कामाचा विस्तार मोटारजोडणीबरोबर झाला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ जातीच्या गाड्या आणि १९५० च्या दशकात फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. भारतात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम असलेल्यांनाच परवाना मिळेल असे केंद्र सरकारचे धोरण १९५३ मध्ये ठरल्यावर शिवडीचा कारखाना बंद झाला आणि देशात मोटारींच्या जाती मोजक्याच उरल्या. त्यांपैकी मराठी मुलखात सर्वाधिक ओळखीच्या म्हणजे कुर्ल्याची फियाट आणि बंगालमधील उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर. धोरणाचा हा परिणाम गादीकामाच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. एकच गाडी फारसा बदल न होता तीस-तीस वर्षे बनत राहिल्यामुळे तिच्या छताचा फर्मा, सळ्यांची संख्या, काचेच्या रबराची जात हे सारे कारागिरांना तोंडपाठ झाले आणि मुंबईत शिकलेला माणूस धुळ्यात किंवा नंदुरबारात तेच काम त्याच मापाने करू शकला.

मालातही याच काळात बदल झाला. लोकरी कापड महाग आणि कसरीला बळी पडणारे, तेव्हा त्याची जागा रेक्झिनने घेतली. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचे व्यापारी नाव. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा, म्हणजे कापसापासून बनवलेल्या ज्वालाग्राही द्रव्याचा, लेप देऊन ते चामड्यासारखे दिसेल असे करत. पुढे या लेपाऐवजी पीव्हीसी वापरले जाऊ लागले, कारण ते इतक्या सहज पेट घेत नाही, धुता येते आणि त्याच्यावर हवे ते ठसे उठवता येतात. नाव मात्र जुनेच चालू राहिले. मुंबईतल्या भोर इंडस्ट्रीजसारख्या कंपन्या असा माल बनवत.  छतासाठी वापरायच्या रेक्झिनला बारीक छिद्रे पाडलेली असत. ती शोभेची वाटली तरी त्यांमुळे आवाज शोषला जाई आणि पोकळीतली हवा खेळती राही.

मुंबईच्या टॅक्सीने या छताला एक वेगळे आयुष्य दिले. फियाट ११०० ची वंशज असलेल्या गाडीचे प्रीमियर पद्मिनी हे नाव १९७४ पासून रूढ झाले आणि तिचे उत्पादन शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. टॅक्सीचा चालक दिवसाचे बारा-बारा तास त्या छताखाली बसतो, प्रवाशाची नजरही सिग्नलला थांबल्यावर वर जाते, त्यामुळे फुलाफुलांचे, चौकटीचे, चमकदार रेक्झिन छताला लावण्याची हौस तेथे फार होती. २०१५ मध्ये संकेत अवलानी यांनी सुरू केलेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण आरेखनकारांनी टॅक्सींच्या बैठका व छते यांसाठी मुद्दाम कापडे रचली, आणि काळ्या-पिवळ्या गाडीचे छत प्रथमच कलाप्रेमींच्या चर्चेचा विषय झाले. या उपक्रमाचे मोल मान्य करूनही असे म्हणावे लागते की ज्या कारागिरांनी ते कापड प्रत्यक्ष सळ्यांवर चढवले त्यांच्या हाताची दखल त्या कौतुकात पुरेशी घेतली गेली नाही. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा पुरी झाल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली.

सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र वाहनाचा इतिहास फियाटपेक्षा जीपचा अधिक आहे. महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली, आणि जंगल खाते, महसूल खाते, ठेकेदार अशा क्रमाने ही गाडी डोंगरात पोहोचली. जीपला पोलादी टप नव्हता. लोखंडी नळ्यांच्या कमानींवर कॅनव्हासचा हूड चढवलेला असे. हूड शिवणे हे तंबू शिवण्याच्या अगदी जवळचे काम, म्हणून लहान गावांतला गादीवाला प्रथम हूडवाला म्हणून उभा राहिला आणि छताच्या अस्तराकडे नंतर वळला. पुढे पत्र्याच्या टपाच्या लांब जीपगाड्या आणि ट्रॅक्स अक्कलकुवा, मोलगी, धडगाव या भागांत काळी-पिवळी म्हणून प्रवासी वाहू लागल्या, बाजाराच्या दिवशी जितकी माणसे आत तितकीच टपावर असा प्रवास होऊ लागला, आणि त्या भाराने दबलेल्या पत्र्याखालचे अस्तर कडेपासून सुटू लागले. या गाड्यांत शिवणकाम करून बटणे लावलेले जाड रेक्झिन, पुढच्या काचेवर झालर आणि छताला गोट घालण्याची जी पद्धत दिसते ती शहरी मोटारीपेक्षा गादी-लोडाच्या आणि घोड्याच्या साजाच्या परंपरेला जवळची आहे.

चिकटवलेल्या छताचा काळ रसायनशास्त्रातून आला. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन या द्रव्याचा शोध लावला आणि १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम मोठ्या प्रमाणावर बनू लागला. या फोमचा पातळ थर ज्योतीवरून नेला की त्याचा पृष्ठभाग क्षणभर वितळतो आणि त्याच वेळी त्याच्यावर कापड दाबले की दोन्ही एकजीव होतात. असे फोमची पाठ असलेले विणीचे कापड, साच्यात दाबून टपाच्या आकाराच्या केलेल्या फळीवर चिकटवून, तयार छत एका तुकड्यात गाडीत बसवण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगभर पसरली. फळी राळेत भिजवलेल्या काचतंतूंची, लाकडाच्या लगद्याची किंवा तागाची असते. भारतात १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडल्यानंतर मोटारउद्योगाची घडीच बदलली आणि पुढच्या दोन दशकांत साच्यातले छत सर्वसाधारण झाले. कारखान्याच्या दृष्टीने त्याचे फायदे उघड होते: सळ्या नाहीत, ताणकाम नाही, कुशल शिवणकर नको, आणि एक छत बसवायला काही मिनिटे पुरतात.

तोटा दिसायला दहा वर्षे लागली, आणि तो सर्वस्वी वाहन वापरणाऱ्याच्या वाट्याला आला. छत सुटते तेव्हा गोंद वाळला असे बहुतेकांना वाटते, पण बहुधा गोंद शाबूत असतो आणि मधला फोम मेलेला असतो. पॉलियुरेथेनच्या एका प्रकारातील रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने तुटतात, दुसऱ्या प्रकारातील प्राणवायूने आणि प्रकाशाने झिजतात, आणि उष्णता या दोन्ही क्रियांचा वेग वाढवते. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत आतले तापमान साठ अंशांच्या आसपास जाते व पत्र्याचे त्याहूनही वर. त्यामुळे कापड धड आणि फळी धड, पण त्यांना धरून ठेवणारा तीन-चार मिलिमीटरचा थर भुगा झालेला, अशी स्थिती येते. खानदेशचा उन्हाळा आणि सातपुड्याच्या कडेचा पावसाळा एकामागून एक सोसणाऱ्या गाडीला दोन्ही कारणे लागू पडतात, आणि मुंबई, पुणे, सुरत येथे पहिले आयुष्य काढून लहान गावांत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या गाड्या नेमक्या याच वयाच्या असतात. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व नंतर ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. छताला झोळ पडण्याचे वय आणि नूतनीकरणाचे वय पुष्कळदा एकच असते.

फोम मेला आहे हे एकदा कळले की दुरुस्तीची दिशा ठरते. लोंबत्या कापडाला टाचण्या मारणे, स्टेपल ठोकणे किंवा कापडात छिद्र पाडून आत सोल्यूशन सोडणे हे उपाय सर्वत्र चालतात आणि सर्वत्र फसतात, कारण भुग्याला चिकटलेला गोंद भुग्यासकट सुटतो; शिवाय गोंद कापडातून पाझरून जो डाग पडतो तो जात नाही. योग्य काम सावकाशीचे आहे. सन व्हायझर, आतला दिवा, आरसा, हाताने धरायच्या कड्या आणि दाराच्या चौकटीचे रबर काढून फळी सैल करतात, पुढच्या सीटच्या पाठी पाडून ती मागच्या दाराने न वाकवता बाहेर घेतात, कारण एकदा मुडपलेल्या फळीची घडी नव्या कापडावरही उमटते. मग जुने कापड ओढून काढतात आणि फळीवरचा फोम मऊ ब्रशने शेवटच्या कणापर्यंत झाडतात. या टप्प्यावर घाई करणारा कारागीर सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करतो, असे या धंद्यात सगळेच जाणतात. नंतर फळीला आणि नव्या कापडाच्या फोमला अशा दोन्ही अंगांना कृत्रिम रबराचे सोल्यूशन पातळ लावतात, बोटाला चिकटपणा जाणवेल पण तार सुटणार नाही इतके वाळू देतात, आणि कापड मधोमध दुमडून मध्यरेषेपासून बाहेर, तळहाताने हवा काढत बसवतात. लाकडासाठी वापरायचा पांढरा गोंद येथे उपयोगाचा नाही. उष्णतेला टिकणारे सोल्यूशनच हवे, कारण उन्हात तापणाऱ्या टपाखाली साधे सोल्यूशन मऊ पडते. अलीकडच्या गाड्यांत छताच्या कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवापिशव्या दडवलेल्या असतात, त्या गाड्यांच्या कडा शिवणे किंवा चिकटवून बंद करणे जीवावर बेतू शकते आणि ते काम माहितगाराकडेच द्यावे लागते.

या दुरुस्तीने कारागिराच्या कसबाचा एक भाग संपवला आणि दुसरा जागा केला. दाभण आणि नेफा मागे पडले, शिवणकामाची जागा गोंदाच्या अंदाजाने घेतली. गादीवाला, म्हणजे आजचा ‘कुशनवाला’, आता बैठकांची कव्हरे, पायपुसणी आणि काचांवरची काळी फिल्म यांचाही व्यापारी झाला. मुंबईत कुर्ल्याच्या आणि पुण्यात नाना पेठेच्या बाजारांत मोटारींच्या सुट्या भागांबरोबर हा माल मिळत आला आहे. सीमेवरच्या गावांना मात्र सुरत जवळची, आणि कृत्रिम धाग्याच्या कापडाची देशातली ती एक प्रमुख पेठ. जुन्या फियाटचे किंवा जीपचे टांगलेले छत नव्याने शिवू शकणारे हात आता वयस्क आहेत, आणि त्यांच्या जागी येणारी मुले फळीचे छत तासाभरात पालटायला शिकतात, पण कमानीचा बाक ओळखायला शिकत नाहीत. गॅझेटियरांनी वाहनांचा आणि रस्त्यांचा हिशेब ठेवला, कारखान्यांनी आपल्या मॉडेलांचा ठेवला. रस्त्याकाठच्या गादीवाल्याने कोणता माल केव्हा वापरला, सळ्या कोठून आणल्या, काम कोणाकडे शिकला, याची नोंद कोणीच ठेवली नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासावर काम करणाऱ्या महाविद्यालयांनी आणि स्थानिक अभ्यासकांनी खापर ते तळोदा या रस्त्यावरच्या अशा कारागिरांच्या मुलाखती घ्याव्यात, कारण हा इतिहास कागदावर नाही, माणसांच्या आठवणीत आहे. आणि ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांनी छत बदलताना उतरवलेले अस्तर व सळ्या भंगारात देऊ नयेत. पुढच्या कारागिराला फर्मा म्हणून त्यांच्याइतके बिनचूक दुसरे काही मिळणार नाही.